आमलेटाची कुळकथा

पाहुणा घरी आला की आधी चपला काढतो, मग बॅग ठेवतो आणि मग पाणी मागतो, अशी माझी आपली लहानपणापासूनची समजूत. माझी भाची सई परवा बंगळुरूहून आली ती उंबऱ्यातच उभी राहून म्हणाली, "मामी, आधीच सांगते हं, मी व्हीगन झालेय."

"अरे वा!" आतून आमची आई म्हणाली, "मग पगार किती वाढला?"

ही बढती नसून उलट काटछाट आहे, हे आईला समजावता समजावता माझा घसा कोरडा पडला. मांस-मासे नाहीत, हे ठीक. आमच्या घरात ते नव्हतेच. अंडं नाही, हेही आईला पटलं. किंबहुना नात वळणावर आली असंच तिला वाटलं. पण दूध नाही, दही नाही, ताक नाही, तूप नाही, लोणी नाही, हे ऐकताना तिचा चेहरा एकेका शब्दागणिक उतरत गेला. शेवटी तिने हळूच विचारलं, "म्हणजे चहासुद्धा कोरा?" आईच्या मते कोरा चहा दोनच प्रसंगी द्यावा. पोट बिघडल्यावर आणि दूध नासल्यावर.

सई आठ दिवस राहणार होती. त्यात दुसऱ्याच दिवशी रविवार. पोहे होते, उपमा होता, प्रश्न यायचं खरं तर कारण नव्हतं. पण सई म्हणाली, "मामी, तुमच्याकडचं रविवारचं आमलेट फार आठवतं गं. पण आता काय उपयोग? अंडी नकोत आणि वर तो लोण्याचा गोळाही नको."

"त्यात काय एवढं?" ही म्हणाली आणि बेसनाचा डबा काढला. दहा मिनिटांत तव्यावर चर्र वाजलं आणि टोमॅटो आमलेट ताटात आलं. पिवळंधमक, कडेने जाळीदार, मधूनमधून टोमॅटोचे लाल ठिपके. सईने घास घेतला, डोळे मिटले, दुसरा घास घेतला आणि म्हणाली, "मस्त झालंय मामी! पण हे आमलेट नाही हं. हे बेसनाचं धिरडं."

चटणी वाढणाऱ्या आईचा हात वाटीतच थांबला. तिने सईकडे नाही, माझ्याकडे पाहिलं. मी सॉसच्या बाटलीवरची बारीक अक्षरं मन लावून वाचू लागलो.

कारण हेच वाक्य पस्तीसएक वर्षांपूर्वी मी बोललो होतो. शब्दसुद्धा तेच. फक्त त्यातलं 'मस्त झालंय' तेवढं नव्हतं.

तेव्हा आम्ही डोंबिवलीला चाळीत राहत होतो. आमच्या घरात अंड्याला बंदी होती. शेजारच्या पिंट्याच्या घरातही होती, पण तिथे कायद्यात पळवाट होती. त्याच्या वडिलांनी गॅलरीत एक वेगळा स्टोव्ह, वेगळा तवा आणि वेगळी ताटली ठेवली होती, आणि दर रविवारी ते बनियनवर गॅलरीत बसून आमलेट करत. घर शुद्धच्या शुद्ध आणि आमलेट तयार! फक्त वास कुठल्याच बंदीला जुमानत नसे. तो भिंत ओलांडून आमच्याकडे येई. एका रविवारी पिंट्याने मला अर्धं आमलेट पावात घालून दिलं. मी घरी येऊन जाहीर केलं, की मला आमलेट पाहिजे.

वडील पेपरातून मान वर न काढता "शक्य नाही" म्हणाले. आई काहीच बोलली नाही. पुढच्या रविवारी सकाळी तिने मला हाक मारली, "ये रे, आमलेट केलंय." मी धावत गेलो. ताटलीत गोल, पिवळं काहीतरी होतं. सोबत आणवलेला पाव होता. सॉसची बाटली होती, जी आमच्या घरात एरवी मुंजीलग्नालासुद्धा येत नसे. मी एक घास घेतला आणि म्हणालो, "हे आमलेट नाही. हे बेसनाचं धिरडं. खोटं आमलेट!" आणि ताटली सरकवून खेळायला गेलो. परत आलो तेव्हा ताटली घासून पालथी घातलेली होती. त्या विषयावर आई पुढे कधी काही बोलली नाही. पण आयांच्या खातेवहीत अशी नोंद एकदा झाली, की ती खोडत नाही. तिच्यावर व्याजही मागत नाहीत, हीच काय ती सवलत.

तेव्हा सईच्या निमित्ताने मी आमलेटाचं वकीलपत्र घेतलं. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. इतिहासाशी माझा संबंध दहावीच्या पेपरबरोबर, उभयपक्षी संमतीने, संपलेला. पण बँकेत इतकी वर्षं काढल्यामुळे एक गोष्ट मला पक्की येते. नावाबद्दल वाद आला, की मूळ कागदपत्रं मागवायची. आमच्या काउंटरवर 'सुलभा' आणि 'सुलभाताई' या एकच बाई आहेत, हे सिद्ध करायला माणसाला जन्माचा दाखला आणावा लागतो. आमलेटाला वेगळा न्याय का? पुढचा आठवडाभर संध्याकाळी घरी आलो की मी आमलेटाची कागदपत्रं तपासत बसलो.

पहिलाच कागद हाती आला तो मोठा सोयीचा निघाला. 'आमलेट' या शब्दात अंडं नाही! शब्द फ्रेंच, पण आजोळ लॅटिन. लॅटिनमध्ये 'लामेला' म्हणजे पातळ पत्रा, पापुद्रा. फ्रेंचांनी त्याचं 'लमेल' केलं, म्हणजे चाकूचं पातं. पुढे त्याच्यामागे लागणारं 'ला' हे उपपद लोक इतक्या घाईने उच्चारू लागले, की त्यातला 'आ' तुटून पुढच्या शब्दाला चिकटला आणि 'अलमेल' झालं. त्याचं 'अलमेत', त्याचं 'अमलेत', आणि सोळाव्या शतकाच्या सुमारास 'ओमलेत'. खात्यावर एका कारकुनाने नाव चुकीचं तोडलं की पुढच्या चार पिढ्या ते तसंच चालू राहतं, तसंच हे. पण मुद्दा लक्षात घ्या. अर्थ काय, तर पात्यासारखं पातळ काहीतरी. कशाचं, ते नावात कुठेच लिहिलेलं नाही. म्हणजे बेसनाचं पातळ पातं तव्यावर घातलं, तर अर्थाच्या दृष्टीने त्याचा या नावावर अंड्याइतकाच हक्क. उलट पिंट्याच्या वडिलांचं आमलेट चांगलं बोटभर जाड असे. त्याच्याच कागदपत्रांत गडबड आहे.

हे मी सोमवारी रात्री सईला सांगितलं. ती म्हणाली, "मामा, नाव झालं. पण नक्कल ती नक्कलच ना? आधी खरं आमलेट, मग त्याची बेसनाची नक्कल."

आता आधी कोण आणि मग कोण हा प्रश्न आला, म्हणजे सेवाज्येष्ठता यादी आली. ती तर आमच्या बँकेतली सर्वांत पवित्र गोष्ट. मी यादी काढली.

कल्याणीच्या चालुक्यांमध्ये सोमेश्वर तिसरा नावाचा राजा होऊन गेला. हे कल्याण आमचं लोकलचं नव्हे, ते बिदर जिल्ह्यातलं, आजचं बसवकल्याण. पण त्याच्या राज्यात आपल्या महाराष्ट्राचाही मोठा भाग होता. 1126 साली हा राजा गादीवर आला आणि 1130 च्या आसपास त्याने 'मानसोल्लास' नावाचा संस्कृत ग्रंथ सिद्ध केला. राजाने काय काय करावं याची त्यात जंत्री आहे. हत्ती कसे पकडावेत, रत्नं कशी पारखावीत, गाणं कसं ऐकावं. आणि जेवावं काय, हेही. त्यात 'धोसक' नावाचा एक पदार्थ आहे. आजच्या डोशाचं हे पूर्वीचं नाव. पण या धोसकात तांदूळ नाही. हरभऱ्याची डाळ घ्यायची, तिला मसाल्याचे संस्कार करायचे आणि तेल लावलेल्या तव्यावर तिचे पातळ धोसक घालायचे. उडदाचे, चवळीचे, वाटाण्याचेही असेच करावेत, असं पुढे राजेसाहेब सांगतात. अंडं नाही, दूध नाही, लोणी नाही. म्हणजे आमच्या हिने रविवारी तव्यावर जे घातलं, त्यातून टोमॅटो आणि मिरची वजा केली, तर उरतं ते नऊशे वर्षांपूर्वीचं राजाचं खाणं. त्या वेळी फ्रेंच 'ओमलेत'चं नावसुद्धा धड ठरायचं होतं.

टोमॅटो आणि मिरची वजा करायचं कारण म्हणजे ही मंडळी तेव्हा इकडे आलीच नव्हती. दोघांचं मूळ गाव अमेरिका खंड. कोलंबसाच्या 1492 च्या सफरीनंतर ती युरोपात गेली आणि तिथून जहाजातून आपल्याकडे. मिरची लगेच घरची झाली. टोमॅटोला आपल्या स्वयंपाकघरात शिरायला जास्त वेळ लागला. खेड्यापाड्यांतून त्याला 'भेदरं' म्हणतात. भेदरलेल्या पाहुण्यासारखा तो बराच काळ दाराशीच उभा राहिला असावा. तेव्हा टोमॅटो आमलेटाची खरी पत्रिका अशी, की नाव फ्रेंच, रंग अमेरिकन, आणि देह अस्सल इथला. एवढं असूनही त्याला आपण 'देशी नक्कल' म्हणतो.

बरं, हरभऱ्याच्या पिठाचं धिरडं हे फक्त आपलं दारिद्र्य आहे, असंही नाही. खुद्द फ्रान्समध्ये, नीस शहरात, 'सोका' नावाचं हरभऱ्याच्या पिठाचं धिरडं भट्टीतून काढून रस्त्यावर विकतात. पीठ, पाणी, ऑलिव्हचं तेल आणि मीठ, बस्स. पलीकडे इटलीत जिनोआला त्याचंच नाव 'फारिनाता'. तिथली मंडळी तिची एक दंतकथा सांगतात. 1284 साली मेलोरियाच्या लढाईत जिनोआच्या आरमाराने पिसाच्या आरमाराचा धुव्वा उडवला. परत येताना वादळ झालं, जहाजातली तेलाची आणि पिठाची पिंपं कलंडली, त्यात समुद्राचं पाणी शिरलं आणि सगळा काला झाला. भुकेलेल्या खलाशांनी तो उन्हात वाळवून खाल्ला, तर तो चविष्ट लागला! हरलेल्या पिसाला खिजवायला त्यांनी त्याला 'पिसाचं सोनं' म्हटलं. दंतकथाच ती. पण सांडलेल्या पिठालासुद्धा सोनं म्हणण्याची हिंमत लागते. आम्ही घातलेल्या धिरड्याला आमलेट म्हणायला लाजतो.

आता राहिला प्रश्न नकलेचा. तर अंड्याची खरीखुरी नक्कल कशी करतात, हे पाहायचं असेल तर जुन्या इंग्लंडात जावं. ख्रिस्ती लोकांच्या ईस्टरआधी चाळीस दिवसांचा उपास असतो. मध्ययुगात त्यात मांस बंद, अंडी बंद आणि दूध-लोणीही बंद असे. थोडक्यात, आमच्या सईचं जे आज चाललंय ते तिकडे अख्खा देश दरवर्षी चाळीस दिवस करी. उपासाच्या आदल्या मंगळवारी घरातली अंडी-दूध संपवायची म्हणून पॅनकेक करत. ती चाल अजून आहे. आणि उपास सुरू झाला, की गाईच्या जागी बदामाचं दूध येई. म्हणजे ज्यांना बदाम परवडत त्यांच्याकडे.

1430 च्या सुमाराचं एक इंग्रजी पाककृतींचं हस्तलिखित आहे. ते आता लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे. त्यात 'उपासाची अंडी' दिली आहेत! अंड्याला भोक पाडून आतला ऐवज फुंकून काढून टाकायचा. टरफल कोमट पाण्याने स्वच्छ धुवायचं. बदामाचं दूध तापवून फडक्यावर ओतून त्याचा चक्का करायचा, त्यात साखर घालायची. अर्धा पांढरा ठेवायचा, अर्ध्याला केशर आणि दालचिनी लावून पिवळा करायचा. मग टरफलात खाली पांढरा, मध्ये पिवळा, वर पुन्हा पांढरा भरून विस्तवात भाजायचं. आणि वाढायचं! आता मला सांगा, एवढा उपद्व्याप कशासाठी? पोट भरायला नक्कीच नाही. उपासही मोडू नये आणि समोर बसलेल्याला अंडं चुकल्यासारखंही वाटू नये, म्हणून कुणीतरी चुलीपुढे बसून टरफलं फुंकत होतं.

ज्यांना एवढी खटपट नको होती, त्यांच्यासाठी दुसरी सोय होती. पैसे भरा आणि सूट घ्या. फ्रान्समध्ये रुआँच्या कॅथेड्रलला एक उंच मनोरा आहे. 1485 साली बांधायला घेतला, 1506 मध्ये संपला. त्याचं नाव 'लोण्याचा मनोरा'. उपासात लोणी खाण्याची परवानगी मिळावी म्हणून भाविकांनी दिलेल्या पैशांतून तो उभा राहिला, असं सांगतात. हे वाचून माझं बँकेतलं मन भरून आलं. दंड भरून नियम मोडण्याची सोय आम्ही शोधलेली नाही तर!

बुधवारी मी सईच्या पंथाच्या मुळाशी पोचलो. 'व्हीगन' हा शब्द नोव्हेंबर 1944 मधला. डोनाल्ड वॉटसन नावाचा एक इंग्रज होता. व्यवसायाने सुतारकाम शिकवणारा मास्तर. त्याने आणि त्याच्या मूठभर मित्रांनी मिळून दूध आणि अंडीही न खाणाऱ्यांची संस्था काढली आणि तिला नाव हवं म्हणून 'व्हेजिटेरियन' या इंग्रजी शब्दाची पहिली तीन आणि शेवटची दोन अक्षरं ठेवून मधला भाग काढून टाकला. सुतारच तो. फळी लांब वाटली, करवत चालवली. पण मला कौतुक वाटलं ते सालाचं. 1944 म्हणजे ऐन महायुद्ध. इंग्लंडात 1940 च्या जानेवारीपासून रेशनिंग. माणशी आठवड्याला एक अंडं, तेही मिळालं तर. 1942 पासून अमेरिकेहून अंड्याची भुकटी येऊ लागली, चार आठवड्यांना एक पुडा, बारा अंड्यांच्या भरीचा. शाकाहाऱ्यांनी मांसाचं रेशन सोडलं, तर त्यांना थोडं जास्त चीज मिळे. आणि अशा दिवसांत, जेव्हा सगळा देश अंडं दिसलं तर टोपी काढून नमस्कार करत होता, तेव्हा हा मास्तर म्हणतो, मला अंडं नको आणि चीजही नको! तिकडचं रेशनिंग 1954 च्या जुलैत संपलं. वॉटसन मात्र 2005 पर्यंत, पंचाण्णव वर्षांचा होऊन, तसाच राहिला.

हे ऐकून सई खूश झाली, पण मुद्दा सोडेना. आमच्या घराण्याचाच गुण तो. "ते ठीक आहे मामा, पण आमलेट कशाला म्हणायचं, हे शेवटी ठरवायचं कोणी?"

हा प्रश्न मात्र जुना आहे आणि तो एका फार मोठ्या माणसाला पडला होता. मोहनदास गांधी 1888 साली बॅरिस्टर व्हायला लंडनला गेले. जाताना आईपुढे शपथ घेतली होती की मांस खाणार नाही. तिथे कुणी सांगे, अंडं म्हणजे मांस नव्हे. त्यांनी काही दिवस अंडी खाल्लीही. मग मांसाच्या तीन व्याख्या त्यांना वाचायला मिळाल्या. एकीप्रमाणे फक्त पशुपक्ष्यांचं मांस वर्ज्य, अंडी आणि मासे चालतात. दुसरीप्रमाणे सर्व प्राण्यांचं मांस वर्ज्य, पण अंडी चालतात. तिसरीप्रमाणे अंडीही वर्ज्य आणि दूधही. कायद्याचा विद्यार्थी, तीन व्याख्या हाताशी. दुसऱ्या कुणी सोयीची उचलली असती. गांधींनी ठरवलं, की शपथ आईला दिली, तेव्हा आईच्या मनात जी व्याख्या होती तीच आपल्यावर बंधनकारक. आईच्या लेखी अंडं मांसातच येई. संपलं. अंडी बंद. यामुळे त्यांचे हाल झाले, कारण तिथल्या शाकाहारी खाणावळीतसुद्धा निम्म्या पदार्थांत अंडी. प्रत्येक वेळी वाढप्याला विचारत बसावं लागे.

पुढे 1912 मध्ये दक्षिण आफ्रिकेत त्यांनी दूधही सोडलं. 1918 मध्ये इकडे आजाराने पार खंगले. दूध घेतल्याशिवाय अंगात रक्त भरणार नाही, असं डॉक्टरांनी मुंबईत सांगितलं. तेव्हा कस्तुरबा म्हणाल्या, तुमचा नेम गाई-म्हशीच्या दुधाचा, शेळीच्या दुधाला काय हरकत? आणि त्यांनी शेळीचं दूध घेतलं. शब्द पाळला, पण शब्दाचा आत्मा गेला, ही टोचणी त्यांनी नंतर स्वतःच लिहून ठेवली आहे.

हा प्रसंग वाचताना मी जरा अडखळलो, कारण त्यातला थोडा आमच्या घरीही घडलेला आहे. हे मी सईला सांगितलं नव्हतं. हिलासुद्धा नाही.

चार वर्षांपूर्वी आई आजारी पडली. बरी झाली, पण अंगात जीव राहिला नाही. डॉक्टर म्हणाले, "प्रोटीन कमी पडतंय. रोज दोन अंडी द्या." मी म्हटलं, "ती खाणार नाही." ते म्हणाले, "सांगता कशाला? कशात तरी मिसळून द्या." घरी येताना मी दोन अंडी आणली. सकाळी आई देवासमोर बसली होती, ही कामावर गेली होती. मी बेसन भिजवलं, टोमॅटो घातला आणि एक अंडं हातात घेतलं. बेसनाचा रंगही पिवळा, अंड्याचाही पिवळा. कळलं नसतं. मी वाडग्याच्या काठावर अंडं टेकवून किती वेळ उभा होतो कोण जाणे. लहानपणी मी जे 'खोटं आमलेट' म्हणून सरकवलं होतं, ते खरं होतं. जे आता मी करायला निघालो होतो, ते खोटं.

मी ते अंडं फोडलं नाही. बेसनाचं आमलेट केलं आणि तिला वाढलं. मग दोन्ही अंडी उकडून ओट्यापाशी उभ्याने स्वतः खाल्ली, टरफलं कागदात गुंडाळून ऑफिसला जाताना बाहेर टाकली. वीस वर्षं जोडून घेतलेल्या ताळेबंदात एवढी लपवाछपवी मी कधी केली नव्हती.

पुढच्या खेपेला डॉक्टरांनी विचारलं, "घेतात का अंडी?" मी म्हणालो, "रोज आमलेट खाते." शब्द पाळला आणि आत्मा गेला! मग टोचणी लागली आणि मी त्यांना खरं सांगून टाकलं. सोबत कारकुनी हिशेबही मांडला. एका अंड्यात प्रोटीन साधारण सहा ग्रॅम. बेसनात शंभर ग्रॅमला बावीसच्या आसपास. म्हणजे साठ ग्रॅम बेसनाचं आमलेट घातलं, की तेराएक ग्रॅम, दोन अंड्यांची भरपाई. डॉक्टरांनी आकडे पाहिले, हसले आणि म्हणाले, "अंड्याचं प्रोटीन जास्त चांगल्या प्रतीचं असतं. पण खात असतील तर चालू दे. सोबत पोळी-भात द्या म्हणजे उणीव भरून निघते." आई हळूहळू उठून बसली, फिरू लागली आणि माझ्या चुका काढू लागली, तेव्हा ती बरी झाल्याची आमची खात्री पटली.

दुसरा रविवार आला. सईने आदल्या रात्रीच सांगितलं होतं, की आमलेट आपण करणार. व्हीगन मंडळी अंड्याचा वास यावा म्हणून काळं मीठ घालतात, असं ती म्हणाली. काळं मीठ म्हणजे आपलं पादेलोण. गंधकाचा अंश असल्यामुळे त्याला वास अंड्याचा आणि नाव, जाऊ दे, ताटावर नको. आईने ते डब्यातून काढून दिलं, पण घालू दिलं नाही. "ज्याला अंडं नको, त्याला त्याचा वास तरी कशाला?" ती म्हणाली. याला सईकडे उत्तर नव्हतं.

मग आजीने नातीला शिकवलं, ते असं. दोन वाट्या बेसन, त्यात दोन चमचे तांदळाची पिठी कुरकुरीतपणासाठी. टोमॅटो आणि कांदा अगदी बारीक चिरून. मिरची, कोथिंबीर, हळद, मीठ, हातावर चोळलेला ओवा. पाणी बेताबेताने, कारण टोमॅटोलाही पाणी सुटतं. पंधरा मिनिटं झाकून ठेवायचं म्हणजे पीठ नीट फुलतं आणि कच्चट वास राहत नाही. तवा मध्यम आचेवर, तेल सोडून पातळ पसरायचं, वर झाकण. कड सुटली की उलटायचं, आधी नाही. आच लागली की बेसनातलं प्रोटीन अंड्यासारखंच आळतं, त्यातली पिठूळ खळ घट्ट होते, आणि अंड्याशिवाय ते पातं एकसंध धरून राहतं. हे शेवटचं वाक्य माझं. आईचं वाक्य होतं, "घाई केलीस की तुटेल."

सई म्हणाली, "आजी, तुला माहितीये? 2014 साली एका फ्रेंच गायकाने शोध लावला, की कडधान्य शिजवलेलं पाणी घुसळलं की अंड्याच्या पांढऱ्यासारखा फेस येतो. त्याला लॅटिन नावसुद्धा दिलंय, 'अ‍ॅक्वाफाबा'. त्याचे केक करतात आता."

"डाळीचं पाणी?" आई म्हणाली. "म्हणजे कट. पुरणाची डाळ शिजवताना फेस येऊन उतू जातो तो. आम्ही त्याची आमटी करतो. फेकत नाही." आणि पुढचं आमलेट तव्यावर घातलं.

सगळे एकाच वेळी जेवायच्या टेबलावर बसलो. हे आमच्याकडे आठवड्यात पहिल्यांदाच घडत होतं. अंडं न खाणारी आई, अंडं आणि दूध दोन्ही न खाणारी सई, दोन्ही खाणारी ही आणि चोरून उकडलेली खाल्लेला मी. चौघांना चालेल असा घरात एकच पदार्थ निघाला होता. मी सईला म्हणालो, "मग काय ठरलं? लॅटिन कागदपत्रं आहेत, चालुक्य राजाची साक्ष आहे."

सईने आजीकडे पाहिलं. "वाढणाऱ्याची व्याख्या बंधनकारक ना? मग आजी म्हणेल ते."

आई काही म्हणाली नाही. तिने तव्यावरचं गरम पातं माझ्या ताटात टाकलं, बाटली माझ्याकडे सरकवली आणि म्हणाली, "घे. आमलेट आहे. पाव आणायला मात्र विसरलास."

मी चपला घातल्या आणि पाव आणायला निघालो. पस्तीस वर्षांनी सुटलेली थकबाकी, तीही बिनव्याजी. अशा वेळी कर्जदाराने फार बोलू नये.